बॅकफ्लिप थांबू शकते

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात दोन प्रश्न आहेत. बी.कॉम.चं दुसरं वर्ष अर्ध्यावर सोडून पूर्णवेळ बीएमएक्स, म्हणजे छोट्या चाकांच्या सायकलवरच्या कसरती, करू का, हा एक. पाऊस सरल्यावर कुळागराच्या (पोफळी-नारळाच्या बागेच्या) कडेला प्लायवूडचा रॅम्प बांधून बॅकफ्लिप, म्हणजे सायकलसकट हवेत मागे कोलांटी, शिकू का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. नको.

बॅकफ्लिप शिकायची रीत ठरलेली आहे. आधी फोमपिट, म्हणजे स्पंजाच्या तुकड्यांनी भरलेला खोल हौद. डोकं खाली आणि चाकं वर असताना आपण कुठे आहोत हे अंगाला कळेपर्यंत त्यात उड्या मारायच्या. मग रेझी रॅम्प. तो वरून गुळगुळीत आणि आतून दबणारा असतो, त्यामुळे चाकांवर उतरायचा सराव होतो आणि चुकलं तर मार कमी बसतो. खरा रॅम्प त्यानंतर, आणि तोही बाजूला जाणता माणूस उभा असताना. तुझ्या कुळागरात यातलं काहीच नाही. खाली चिऱ्याची जमीन आहे.

तू बीएमएक्स रायडर लोगन मार्टिनचा दाखला दिलास. त्यानं ऑस्ट्रेलियात घरामागे स्वतःचा रॅम्पचा पार्क बांधला आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलं, हे खरंच आहे. पण त्याआधीच, 2017 मध्ये, तो विश्वविजेता झाला होता. त्याचं सगळं शिकून झालं होतं, हवी होती ती सरावाची जागा. तुला अजून शिकायचं आहे. हा फरक मनात पक्का ठेव.

डेव्ह मिरा या अमेरिकन रायडरचं नाव तुझ्या पत्रात नाही, म्हणून मी सांगतो. 2000 च्या एक्स गेम्समध्ये, म्हणजे अशा साहसी खेळांच्या मोठ्या स्पर्धेत, त्यानं स्पर्धेतली पहिली दुहेरी बॅकफ्लिप मारली. एक्स गेम्सची 24 पदकं त्याच्या नावावर, त्यातली 14 सुवर्ण. फेब्रुवारी 2016 मध्ये, वयाच्या 41 व्या वर्षी, त्यानं आयुष्य संपवलं. नंतर मेंदूची तपासणी झाली, तेव्हा सीटीई हा आजार आढळला. डोक्याला वारंवार मार बसलेल्या बॉक्सर आणि अमेरिकन फुटबॉल खेळाडूंमध्ये जो आढळतो, तोच. एक मरण एकाच कारणाला चिकटवू नये आणि मी तसं करत नाही. पण मोडलेला हात सगळ्यांना दिसतो, हादरलेला मेंदू कुणाला दिसत नाही, हे ज्याला चाकावर पोट भरायचं आहे त्यानं पहिल्याच वर्षी शिकावं. डोकं आपटलं, तर त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसायचं नाही. उलटी झाली, काही आठवेनासं झालं, झापड आली, तर घरी झोपून न राहता सरळ बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) जायचं. डॉक्टर सांगेपर्यंत पुन्हा उडी नाही. आणि जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदलायचं. आतला फोम एकदा दबला की पुन्हा तसा झेलत नाही. पैसे कमी असतील तर पेडल जुनी चालव, हेल्मेट नवं घे.

आता पहिला प्रश्न. व्यावसायिक रायडर म्हणजे वर्षभर स्पर्धा जिंकणारा माणूस, असं तू धरून चालली आहेस. प्रत्यक्षात पायऱ्या आहेत. कंपनी आधी तुला ‘फ्लो’वर घेते, म्हणजे सुटे भाग फुकट किंवा स्वस्तात मिळतात, पगार नाही. मग ‘ॲम’ (हौशी), मग ‘प्रो’ (व्यावसायिक). प्रो झाल्यावर मानधन, आणि नशीब असेल तर तुझ्या नावाचं हँडल किंवा सीट बाजारात येते आणि विकलेल्या प्रत्येक नगावर वाटा मिळतो. फ्लोवरच बरेच जण थांबतात. जे टिकतात ते सोबत दुसरं काहीतरी करतात: शिकवतात, परीक्षक होतात, रॅम्प बांधतात, व्हिडिओ काढतात. मॅट हॉफमननं 1989 मध्ये स्पर्धेत पहिल्यांदा 900 अंशांची गिरकी पुरी केली, आणि पुढे तो स्वतःच सायकली बनवायला लागला. व्हेनेझुएलाचा डॅनियल डेर्स टोकियोत रौप्य जिंकला तेव्हा 36 वर्षांचा होता. अमेरिकेत त्याचं स्वतःचं प्रशिक्षण संकुल आहे. त्याचं पदक सगळ्यांना ठाऊक असतं. मला त्याचं वय जास्त मोलाचं वाटतं, कारण त्या वयापर्यंत शरीर शाबूत ठेवणं हेच या धंद्यातलं सर्वांत अवघड काम आहे.

‘एकोणीस म्हणजे उशीर झाला’ असं तू लिहिलंस, ते वाचून वाईट वाटलं. ब्रिटनची शार्लट वर्दिंग्टन विशीत आली तेव्हा कुठे स्कूटर सोडून बीएमएक्सकडे वळली. त्या काळात ती एका मेक्सिकन हॉटेलात पूर्णवेळ स्वयंपाक करत होती. 2017 मध्ये फ्रीस्टाइल, म्हणजे बीएमएक्सच्या कसरतींचा प्रकार, ऑलिंपिकमध्ये घ्यायचं ठरलं. 1 ऑगस्ट 2021 ला टोकियोच्या अंतिम फेरीत, साठ सेकंदांच्या पहिल्या रनमध्ये, ती 360 बॅकफ्लिप, म्हणजे कोलांटीतच एक पूर्ण गिरकी, मारताना पडली. दुसऱ्या रनमध्ये तिनं तीच उडी घेतली, उतरली, आणि 97.50 गुण मिळवून सुवर्ण जिंकलं. ते धाडस तू पाहिलंस. त्यामागचे फोमपिटातले दिवस आणि त्याआधीची नोकरीही बघ. म्हणून कॉलेज सोडू नकोस. सकाळी कॉलेज, संध्याकाळी सायकल. हिशेब शिकलेला रायडर आयोजकाचा करार स्वतः वाचू शकतो, आणि ही गोष्ट मी फार गांभीर्यानं सांगतो आहे.

मग आत्ता काय करायचं? फ्लॅटलँड, म्हणजे सपाट जमिनीवर तोल सांभाळत करायच्या सायकलच्या कसरती. रॅम्प नको, उंची नको, सपाट कडक जमीन हवी. एखाद्या शाळेचं बास्केटबॉल कोर्ट पुरतं. पावसाळ्यात पंचायतीचा हॉल मिळतो का बघ, सरपंचांना रीतसर अर्ज दे. चकचकीत फरशी टाळ, ओल आली की चाक सुटतं. सायकलला दोन्ही चाकांच्या दोन्ही बाजूंना पेग (पाय ठेवायच्या नळ्या), मागच्या चाकाला फ्रीकोस्टर हब, म्हणजे सायकल उलटी जाताना पेडल फिरत नाही, टायरमध्ये हवा भरपूर. भजनात पखवाज शिकणारं पोर आधी ठेका पक्का करतं, मग तुकडे वाजवतं. तसा तुझा मॅन्युअल (पेडल न मारता मागच्या चाकावर चालणं) आणि बनीहॉप (रॅम्पशिवाय सायकलसकट उडी) आधी दोन्ही बाजूंनी पक्का होऊ दे. फ्लॅटलँड ऑलिंपिकमध्ये नाही, हे खरं. पण यूसीआयच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या, जागतिक स्पर्धेत आहे, आणि जपानच्या रायडरांनी ते कुठल्या कुठे नेऊन ठेवलंय. तोल, चाकावरचा ताबा, पुढच्या ट्रिकची जुळणी, हे सगळं पुढे पार्कमध्ये गेलीस तरी तुझ्याच कामाला येईल. शिवाय हॉटेलांच्या आणि कॉलेजांच्या कार्यक्रमांत रॅम्प न्यावा लागत नाही, त्यामुळे गोव्यात पहिली कमाई यातूनच होण्याची शक्यता अधिक. कार्यक्रम घेण्याआधी मात्र जमीन स्वतः पाहून ये, आणि जखम झाली तर खर्च कुणाचा, हे कागदावर घे.

स्ट्रीट, म्हणजे रस्त्यातल्या पायऱ्या-कठड्यांवरच्या कसरती, करायची हौस असेल तर कर, पण देवळाच्या पायऱ्या, चर्चचं आवार आणि कुणाच्या बाल्कांवचा सोपो (घरापुढच्या ओसरीतला बसायचा कट्टा) यांवर पेग घासू नकोस. एका घासलेल्या सोप्यामुळे वाड्यावरच्या सगळ्या पोरांच्या सायकली बंद होतात. आणि सायकल मिरामारच्या किनाऱ्यावर फिरवून आणलीस की साखळी त्याच रात्री पुसून तेल दे. खारा वारा सायकलच्या क्रोमोली पोलादालाही सोडत नाही.

बाबांशी मी बोलेन. फोमपिट असलेल्या पार्कात उन्हाळ्याच्या सुटीत शिबिराला जायचं झालं, तर त्यांची परवानगी आणि थोडे पैसे लागतील, आणि ते देतील असं मला वाटतं, कारण तू कॉलेज सोडणार नाहीस. येत्या रविवारी सकाळी फोंड्याला ये. येताना मागचं चाक काढून पिशवीत घाल, तू पाठवलेल्या व्हिडिओत त्याचे स्पोक सैल दिसतायत. ते आवळू, मग बसून शिबिराचा खर्च मांडू.

तुझा,
सर