मोगरा उकळायचा नसतो

मागील अंकात फुलांच्या सुगंधाच्या चहाचा ओझरता उल्लेख झाला, त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांपैकी सहा येथे घेतली आहेत. एकाच अडचणीची पत्रे पुष्कळ होती, ती पहिल्या दोन उत्तरांत सामावली आहेत.

चाळीसगावहून एक वाचक विचारतात : भाच्याने पुण्याहून 'जस्मिन ग्रीन टी' असे लिहिलेला शंभर ग्रॅमचा डबा आणला. आम्ही नेहमीप्रमाणे आधण ठेवले, साखर आणि दूध घातले, दोन उकळ्या काढल्या. चहा कडू झाला आणि त्याला डोक्याच्या तेलासारखा वास आला. डबा वाया गेला असे समजावे का?

डबा वाया गेलेला नाही. आपल्या सवयीने एक पातेले वाया गेले, एवढेच. घरोघरी येणारी चहाची पूड बहुतांशी सीटीसी पद्धतीची असते, म्हणजे दातेरी रुळांतून पाने चिरडून, फाडून आणि वळवून केलेले ते बारीक दाणे असतात. दूध, साखर आणि आले यांच्याशी झुंजण्यासाठीच जणू त्यांचा जन्म असल्याने त्यांना उकळी सोसते. आपल्या डब्यातील चहाची जात निराळी आहे.

या चहापुरते जस्मिन म्हणजे आपला मोगराच. चीनच्या फुचियान प्रांतातील फूचौ हे शहर या चहासाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. तेथे दिवसा मोगऱ्याच्या टपोऱ्या, न उमललेल्या कळ्या खुडतात आणि संध्याकाळी त्या उमलू लागल्या की तयार हिरव्या चहात मिसळून थर रचतात. कोरडी पत्ती रात्रभर फुलांचा वास आणि त्याबरोबर ओलावाही शोषून घेते. मग फुले चाळून काढतात, पत्ती पुन्हा वाळवतात, आणि उंची चहासाठी हाच खटाटोप दर वेळी ताजी फुले घेऊन अनेक रात्री करतात. रात्रीच्या गारव्यात हळूहळू पत्तीत उतरलेला हा वास खळखळत्या पाण्यात दोन मिनिटांत वाफेवर निघून जातो. जो निघून जातो तो त्याचा हलका, ताजा भाग असतो. जड भाग मागे राहतो आणि दुधात तोच तेलकट भासतो. शिवाय हिरव्या पत्तीतील तुरट द्रव्ये कडकडीत पाण्यात भराभर उतरतात, म्हणून कडूपणा आला.

पाणी सुमारे ८० अंश सेल्सिअस असावे. तापमापक नसला तरी अडत नाही. तीन वाट्या उकळते पाणी आणि एक वाटी माठातले पिण्याचे पाणी एकत्र केले की हिशेब जवळजवळ तेथेच येतो. दीडशे मिलिलिटरच्या कपाला दोन ते अडीच ग्रॅम, म्हणजे साधारण एक शीग भरलेला लहान चमचा पत्ती घ्यावी, वर झाकण ठेवावे आणि दोन ते तीन मिनिटांनी गाळावे. दूध घालू नये. साखर पहिल्या खेपेस तरी नको. उरलेली पत्ती फेकू नये. तिच्यावर दुसरे पाणी, आणि चहा चांगला असेल तर तिसरेही पाणी घालता येते, फक्त दर वेळी अर्धा-एक मिनिट अधिक थांबावे. माझ्या मते दुसरे पाणी पहिल्यापेक्षा सरस उतरते, कारण तोवर वळलेली पत्ती पुरती उलगडलेली असते.

भुसावळहून एक वाचक : कोऱ्या चहावर थोड्याच वेळात तवंग येतो, तो कपाच्या कडेला तपकिरी कडे धरतो. रंगही मळकट दिसतो. हाच चहा नाशिकला बहिणीकडे लखलखीत होतो. पत्तीत भेसळ असेल का?

पत्ती दोन्हीकडे एकच असेल तर संशय पाण्यावर घ्यावा. आपल्याकडील कूपनलिकांचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. किटलीच्या तळाशी जमणारा पांढरा थर ही त्याची रोजची साक्ष होय. पाण्यातील कॅल्शियम आणि बायकार्बोनेट यांची चहातील द्रव्यांशी हवेच्या सान्निध्यात गाठ पडली की पृष्ठभागावर पातळ साय धरते. तिलाच आपण तवंग म्हणता. दुधाने ती वाढते, लिंबाच्या चार थेंबांनी फुटते. मात्र लिंबू हा मोगरा किंवा गुलाब यांच्या चहावरचा उपाय नव्हे, कारण फुलाचा वास त्याखाली दडपून जातो.

पाणी आधी पाच-सात मिनिटे चांगले उकळावे, निवू द्यावे, तळाशी गाळ बसला की वरचे निवळ पाणी अलगद ओतून घ्यावे आणि चहासाठी तेच पुन्हा तापवावे. बायकार्बोनेटांमुळे आलेला जडपणा यामुळे पुष्कळ कमी होतो. सल्फेट आणि क्लोराइड यांच्यामुळे आलेला मात्र जात नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा एकूण जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालवून घेण्याजोगा मानला जातो. त्या वरच्या टोकाचे पाणी पिण्यास चालत असले तरी नाजूक चहाला चालत नाही. आरओचे पाणी वापरणारे दुसऱ्या टोकाला जातात. क्षार फारच काढून टाकले तर मला चहा पोकळ लागतो, म्हणून मी आरओचे आणि नळाचे पाणी निम्मे निम्मे घेतो.

जळगावहून एक वाचक : बाजारात गुलाब, आंबा, स्ट्रॉबेरी, चॉकलेट अशा नाना स्वादांचे सुटे चहा मिळतात. खरा सुवास आणि वरून लावलेला अर्क यांतला फरक चाखून कळतो का?

बराचसा कळतो. मात्र वरून लावलेले सारेच वाईट, असे म्हणता येणार नाही. 'अर्ल ग्रे' हा जगप्रसिद्ध चहा वरून लावलेल्या तेलाचाच आहे. इटलीच्या कालाब्रिया भागात पिकणाऱ्या बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचे तेल काळ्या चहाला लावले की तो तयार होतो. १८३० ते १८३४ या काळात ब्रिटनचे पंतप्रधान असलेल्या चार्ल्स ग्रे यांचे नाव त्याला चिकटले आहे. प्रश्न तेल कसले आणि त्याखालची पत्ती कशी, हा असतो. वेष्टनावरील घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, ती वाचावी. सुकलेल्या पाकळ्यांना भुलू नये. मोगऱ्याच्या उत्तम चहात बहुधा फुले नसतातच, कारण ती आपले काम करून चाळणीवर गेलेली असतात. हलक्या चहात त्या पाकळ्या शोभेला टाकता येतात.

चाखण्याची व्यवसायातील पद्धत घरीही जमते. आयएसओ ३१०३ या आंतरराष्ट्रीय मानकात १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा आणि सहा मिनिटे असे प्रमाण आहे. तो चहा रुचीने पिण्याचा नसतो. पत्तीचे सारे गुणदोष उघडे पडावेत आणि दोन नमुने एका मापाने तुलनेत यावेत, म्हणून तो मुद्दाम कडक ठेवतात. दोन पांढऱ्या चिनी मातीच्या वाट्या घ्याव्यात, एकीत ओळखीचा चहा आणि दुसरीत नवा. प्रथम कोरडी पत्ती तळहातावर घेऊन तिच्यावर श्वास सोडावा आणि लगेच हुंगावे. नंतर गाळलेली ओली पत्ती हुंगावी. खरी परीक्षा येथेच होते. कोरडी असताना दरवळणारी पत्ती ओली झाल्यावर नुसत्या भिजल्या गवतासारखी येत असेल, तर वास वरवरचा समजावा. शेवटी चमचाभर चहा हवेसकट जोरात ओढून घ्यावा. बशीत ओतून फुर्रर्र करणाऱ्या आजोबांना घरात सारे हसतात. चहाचे व्यावसायिक परीक्षक मात्र याच आवाजावर पगार घेतात. हवेबरोबर उडालेले तुषार घशामागून नाकात पोहोचतात, आणि आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा वाटा तेथे ठरतो. घोट गेल्यानंतर तोंडात काय उरते तेही पाहावे. मोगरा किंवा गुलाब ओसरत ओसरत जातो, हलका अर्क मात्र एकदम संपतो आणि जिभेवर नुसता तुरटपणा राहतो.

चोपडा तालुक्यातून एक कापूस उत्पादक : दार्जिलिंगचा चहा प्यायलो, त्याला पिकल्या द्राक्षांचा वास होता. दुकानदार शपथेवर सांगतो की काही घातलेले नाही. खरे मानावे का?

मानावे. आणि याचे कारण आपल्याइतके चटकन दुसऱ्या कोणाला पटणार नाही. दार्जिलिंगच्या मे-जूनमधील दुसऱ्या बहराच्या पानांवर एक हिरवा तुडतुडा बसतो. आपल्या कपाशीची पाने आकसवून कडा लाल करणारा आणि फवारणीचा खर्च वाढवणारा जो तुडतुडा आपण ओळखता, त्याच्याच कुळातला. तो कोवळ्या पानांतला रस शोषतो, आणि जखमी झालेले झाड स्वतःच्या बचावासाठी काही सुगंधी द्रव्ये तयार करते. अशी पाने नीट सुकवून, वळवून काळा चहा केला की त्यात तो द्राक्षासारखा वास उतरतो. तैवानमधला 'ओरिएंटल ब्यूटी' हा चहा तर तुडतुड्याच्या कृपेवरच उभा आहे. तेथील मळेवाले फवारणी टाळून त्याची वाट पाहतात. चोपड्याच्या शिवारात हे कोणाला सांगितले तर वेड्यात काढतील, हे मी जाणून आहे.

जळगावच्या केळ्याला आणि भरिताच्या वांग्याला आहे तसे भौगोलिक मानांकन दार्जिलिंग चहालाही आहे आणि देशात ते सर्वप्रथम त्यालाच मिळाले, तेव्हा वेष्टनावर त्याचे अधिकृत चिन्ह पाहून घ्यावे. हा चहा ९० अंशांच्या आसपास, तीन मिनिटे आणि दुधाविना करावा.

अमळनेरहून एक गृहिणी : दारात मोगऱ्याचे दोन वेल आहेत आणि चैत्र-वैशाखात परडी भरून फुले निघतात. मोगऱ्याचा चहा घरी करता येईल का?

येईल, मी दर उन्हाळ्यात करतो आणि दर तीन वेळांपैकी एकदा बिघडवतो. पन्नास ग्रॅम अखंड पत्तीचा साधा हिरवा चहा घ्यावा, पूड नको. त्या संध्याकाळी उमलण्याच्या बेतात आलेल्या पन्नास ग्रॅम कळ्या हिरवे देठ काढून घ्याव्यात. कळ्या कोरड्या असाव्यात, पाणी मारलेल्या नकोत. काचेच्या बरणीत पत्ती आणि कळ्या यांचे थर द्यावेत, तोंडावर स्वच्छ फडके बांधावे आणि बरणी घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवावी. रात्री एकदा हलवावे. सकाळी फुले निवडून काढावीत, ती तपकिरी होईपर्यंत आत राहिली तर चहाला कुबट वास येतो. पत्ती हाताला मऊ लागेल, कारण तिने फुलांचे पाणी घेतलेले असते. माझा बिघाड होतो तो येथे. ती तशीच डब्यात भरली की चार दिवसांत बुरशी धरते. जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर, हाताने परतता येईल इतक्याच उष्णतेवर, ती पुन्हा कुरकुरीत करावी. वैशाखातल्या उन्हात वाळवण्याचा मोह होतो, पण पापड-कुरडयांना मानवणारे ते ऊन या वासाला मानवत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्री ताज्या कळ्या घेऊन हेच पुन्हा करावे.

बाजारातील गजऱ्याची फुले यासाठी कदापि घेऊ नयेत. त्यांवर कोणती औषधे फवारली आहेत, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

तयार चहा मसाल्यांपासून दूर ठेवावा. पत्ती जसा मोगरा शोषते तसाच मसालाही शोषते. एका वर्षी मी मोगऱ्याच्या चहाचा डबा नुकत्याच कुटून आणलेल्या काळ्या मसाल्याच्या बरणीशेजारी ठेवला, झाकणही सैल होते. पंधरा दिवसांनी त्या चहाला शेवभाजीचा वास येत होता. तो कोणीही प्यायले नाही.

नंदुरबारहून एक वाचक : गोकर्ण, अंबाडीची बोंडे, गुलाबपाकळ्या यांचा काढा चहा म्हणून विकतात. तो चहाच का?

नव्हे. चहा म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिस या झुडपाचे पान; बाकी सारे फुलांचे किंवा पानांचे काढे, आपल्या पातीच्या चहासकट. मात्र करायला ते सोपे, कारण त्यांपैकी बहुतेकांना उकळते पाणी चालते. शहरात 'हिबिस्कस टी' म्हणून महागात विकतात ती अंबाडीची लाल, मांसल बोंडेच असतात. आपल्या शेताच्या बांधावर लाल बोंडाची अंबाडी असेल तर बिया काढून ती वाळवावीत आणि पाच मिनिटे पाण्यात मुरवावीत. हा काढा चांगलाच आंबट असतो, त्यात दूध घातले तर ते फाटते. रक्तदाबाची औषधे चालू असलेल्यांनी तो रोज घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. गोकर्णाला रंग आहे, चव जवळजवळ नाही. त्याचे निळे पाणी लिंबू पिळताच जांभळे होते, यावर मुले खूश होतात. गुलाब देशी आणि वासाचाच हवा, सावलीत वाळवलेला.

आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे की पारा चव्वेचाळीसवर असताना गरम चहा नकोसा होतो, तेव्हा काय करावे. अशा दिवसांत उष्णता वगळून चहा करता येतो. एक लिटर पिण्याच्या गार पाण्यात आठ ते दहा ग्रॅम मोगऱ्याचा किंवा साधा हिरवा चहा टाकून बरणी फ्रीजमध्ये ठेवावी. गार पाण्यात तुरटपणा फारच थोडा उतरतो आणि वास टिकून राहतो. रात्री नऊला ठेवलेली बरणी पहाटे पाचला गाळावी, पत्ती काढून टाकावी आणि चहा त्याच दिवशी संपवावा. पाणी मात्र येथेही जड नको. भुसावळच्या पत्राला दिलेले उत्तर त्यासाठी पुन्हा वाचावे.