छापील म्हणजे नकली नव्हे. आधी बिल्ला उलटा करून बघा

लेस्टरच्या जुन्या बाजारात दुसऱ्या महायुद्धातल्या कापडी बिल्ल्यांची एक वही मिळाली, त्यातले बरेच छापील आहेत, ते नकली का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय दुकानदार भरतकामाचा एक पेगॅसस, म्हणजे पंखवाल्या घोड्याचा बिल्ला, 'अस्सल' म्हणून गळ्यात मारतोय, तो घ्यावा का, आणि एकूण किंमत किती धरावी.

छापील म्हणजे नकली, हे आधी डोक्यातून काढा. जून १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. लोकर जपून वापरायची होती, भरतकामाला वेळही लागायचा, म्हणून डिव्हिजनचे, म्हणजे सैन्याच्या मोठ्या तुकड्यांचे, बिल्ले सुती कापडावर छापून घेतले जाऊ लागले. साध्या शिपायाच्या बाहीवर बहुतेक तेच असत. भरतकामाची हौस अधिकारी पदरच्या पैशाने भागवत. त्यामुळे स्वच्छ छापील बिल्ला हीच खरी युद्धकाळाची खूण.

आता बिल्ला उलटा करा. समोरची बाजू कोणीही हुबेहूब काढतो, मागच्या बाजूला मात्र घाई दिसते. भिंगाखाली जुन्या छपाईत रंग धाग्यात सलग मुरलेला दिसतो. संगणकावरून छापलेल्या मालात बारीक ठिपके दिसतात. गणवेशावरून उसवलेला असेल तर कडा आत दुमडलेल्या असतात. ती दुमड हलकेच उघडली की आतला रंग समोरच्यापेक्षा गडद निघतो, कारण त्याला ऊन लागलेलं नसतं. काहींच्या मागे मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन या कापड छापणाऱ्या कंपनीचा शिक्काही असतो. गंमत म्हणजे १९४१ मध्ये पॉलिएस्टरचा धागा, म्हणजे टेरिलीन, याच कंपनीत व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी शोधला. तो बाजारात यायला मात्र पन्नाशीचं दशक उजाडलं. म्हणून भरतकामाचा एखादा सुटा धागा चिमट्याने घेऊन जाळा: सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते, पॉलिएस्टरची वितळून टणक गोळी होते. गोळी झाली तर तो धागा युद्धातला नाही.

नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्यावर बरेच जण भिस्त ठेवतात. निळसर चमक म्हणजे युद्धानंतरचा माल, हे ढोबळमानाने ठीक आहे. पण खरा बिल्ला कुणी आजच्या पावडरीत धुतला असेल तर तोही चमकतो, आणि नकली करणारेही आता न चमकणारा धागा वापरतात. एकट्या दिव्यावर निकाल देऊ नका.

पेगॅससबद्दल माझं मत कडक आहे. किरमिजी चौकोनावर फिक्या निळ्या रंगातला घोडा आणि त्यावर स्वार झालेला ग्रीक पुराणातला वीर बेलेरोफॉन, चित्रकार एडवर्ड सीगोचं हे काम, हा विमानातून उतरणाऱ्या सैन्याचा बिल्ला सगळ्यांनाच हवा असतो. पलटण जितकी गाजलेली, तितका खोटा माल जास्त. कमांडो आणि एसएएस या ब्रिटिश खास पथकांचंही तेच. दुकानदाराकडे मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो मागा. टाळाटाळ केली तर विषय संपला. सोबत सांगितलेल्या आजोबांच्या गोष्टीचे पैसे देऊ नका, पेबुकासारखा (सैनिकाच्या पगारपुस्तकासारखा) कागद असेल तर मात्र द्या.

मुकुट असलेले बिल्ले, म्हणजे वायुदलाचे पंख वगैरे, सोपे. राजाच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी वर गोल फुगलेल्या असतात. १९५३ च्या सुमारास आलेल्या राणीच्या मुकुटात त्या मधोमध खाली दबतात. दबलेला मुकुट आणि 'युद्धकाळातला' हा दावा एकत्र नांदत नाहीत.

वहीतल्या, बर्मात लढलेल्या चौदाव्या आर्मीच्या ढालीच्या बिल्ल्याला (खाली टोक केलेली पांढरी तलवार) मात्र हे ब्रिटिश निकष जसेच्या तसे लावू नका. बर्मा आघाडीचे बरेच बिल्ले हिंदुस्थानात, बाजारातल्या शिंप्यांकडूनही करून घेतले गेले. टाके वेडेवाकडे, कापड जाडंभरडं. तेच त्यांचं अस्सलपण. लाल कापडावर पिवळं क्लोव्हर (एक प्रकारचं गवत) असलेला बिल्ला आठव्या हिंदी डिव्हिजनचा. नामदेव जाधवांना ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदीवरच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ती मराठा पलटण याच डिव्हिजनमधली. विकायचंच असेल तर निदान हा ठेवा.

किमतीचं म्हणाल तर मागितलेले भाव सोडा, लिलावात प्रत्यक्ष विकले गेलेले बघा. नेहमीचे छापील बिल्ले स्वस्तच जातात. जुळी जोडी सुट्या दोघांपेक्षा महाग, आणि एकाच माणसाचा संच असेल तर तो फोडलात की किंमत गेलीच. काहीही धुऊ नका, डिंकाने चिकटवू नका. लोकरीच्या बिल्ल्यांना कसर लागते, तेवढं वेळीच बघा. आणि इथे फोटो टाकाल तेव्हा आधी मागच्या बाजूचे टाका.