गल्लीतलं हॉटेल चांगलं की वाईट? विचारा, सांगतो

या वेळी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून जे प्रश्न आले ते जवळपास सगळे जेवणाचेच निघाले, त्यातही गल्लीच्या तोंडाशी नाहीतर कॉलनीच्या कोपऱ्यावर जे हॉटेल असतं त्याचे. कुठल्याही हॉटेलाचं नाव आम्ही छापत नाही हे आधीच सांगतो, चांगलं लिहिलं तर जाहिरात वाटते आणि वाईट लिहिलं तर मालक ऑफिसात येऊन बसतो.

प्रश्न: दादा, मी बदली होऊन नाशिकहून जळगावला आलोय, फॅमिली अजून तिकडेच आहे म्हणून दोन्ही वेळचं जेवण बाहेर. रूमजवळ एक भोजनालय आहे. ऑफिसात एक जण म्हणतो डोळे झाकून जा, दुसरा म्हणतो तिथं पायसुद्धा ठेवू नको, मोबाइलवर बघितलं तर कुणी पाच स्टार दिलेत कुणी एक. विश्वास ठेवायचा तरी कुणावर? – एक वाचक, जळगाव

उत्तर: दोघांवर ठेवा, फक्त दोघांना विचारा की कधी गेला होतात आणि काय खाल्लं. बहुतेक वेळा असं निघतं की डोळे झाकून जा म्हणणारा दुपारी एकला थाळी खायला जातो, तेव्हा वरण नुकतंच उतरलेलं असतं, भाकरी तव्यावरून थेट ताटात येते आणि मुख्य आचारी स्वतः उभा असतो. पाय ठेवू नको म्हणणारा रात्री साडेदहाला मित्रांना घेऊन गेलेला असतो, त्याने मेनूकार्डावरचं पनीरचं काहीतरी भारी नाव बघून ऑर्डर दिलेली असते आणि आचारी गेल्यावर हेल्परने फ्रिजातली ग्रेव्ही गरम करून दिलेली असते. पाटी एकच पण दुपारचं हॉटेल वेगळं आणि रात्रीचं वेगळं, दोघंही खरंच बोलतायत.

स्टारचं म्हणाल तर ते देणारे बरेचसे बाहेरचे असतात. कुणी अजिंठा बघायला म्हणून जळगावला उतरलेला, कुणी लग्नाला आलेला, आयुष्यात पहिल्यांदा शेवभाजी खातो, नाकाडोळ्यातून पाणी येतं, मग त्याला मजा आली तर पाच नाहीतर एक. आपला इथला माणूस स्टार देत बसत नाही, आवडलं तर उद्या परत येतो नाहीतर रस्ता बदलतो. म्हणून दुपारी एकदा नुसतं बघून या की कोण जेवतंय. एमआयडीसीतली मुलं, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, औषध कंपन्यांचे एमआर, महिन्याचे पैसे भरून जेवणारे विद्यार्थी असतील तर बसा. आणि या महिनावाल्यांच्या तक्रारी नीट ऐका बरं का, कारण हॉटेलाला सगळ्यात जास्त नावं तेच ठेवतात आणि रोज जेवायलाही तेच येतात. "रोज वांगं, रोज वांगं" ही तक्रार असेल तर मी खूश होईन, म्हणजे बाजारात जे ताजं आणि स्वस्त आहे ते शिजतंय. "रात्री छातीत जळजळतं" असं दोघा-तिघांनी म्हटलं तर मात्र दुसरं हॉटेल शोधा, तेल पुन्हा पुन्हा तापवलं जात असणार. तापवून तापवून खराब झालेलं तेल वापरायचं नाही असा नियम 2018 पासून आहे, तेलातले टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तापवून तापवून तेलात वाढणारे खराब घटक, 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल फेकायचं, पण ते मोजायचं मीटर आपल्या खिशात नसतं, मग कढईवर फेस किती येतोय आणि धूर किती निघतोय एवढंच आपण बघू शकतो.

आणखी एक, पहिल्या दिवशी शेवभाजी मागवू नका. खान्देशातला माणूस असून असं सांगतोय म्हणून शिव्या पडतील, पडू द्या. लाल तर्रीखाली कालचा मसाला लपतो, कमी भाजलेला कांदा लपतो, सगळंच लपतं. साधं वरण, भात, भाकरी, कांदा-लिंबू मागवा. वरणाला आंबूस वास नाही, कांदा आत्ता कापलाय, पाण्याचा जग आतून बुळबुळीत नाही, एवढं जमलं तर दुसऱ्या दिवशी खुशाल शेवभाजी खा आणि मला शिव्या देणं थांबवा. जाता जाता काउंटरमागे नजर टाका, अन्न परवान्याचा 14 आकडी नंबर लावलेला असायला पाहिजे, बहुतेक ठिकाणी तो देवाच्या फोटोच्या हाराखाली असतो.

प्रश्न: भाऊ, घर कितीबी मसाला टाका तरी हाटेलनी शेवभाजीनी चव येत नही. ते काय टाकतस? – एक वाचक, धुळे

उत्तर: तेल टाकतस! घरी आपण जेवढं तेल दोन दिवस पुरवतो तेवढं ते एका कढईत ओततात, ती जी वर लाल तर्री येते ती काय जादूने येत नाही. पण नुसतं तेल पण नाही. कांदा सालासकट विस्तवावर काळा होईस्तोवर भाजतात, सुकं खोबरं वेगळं भाजतात, लसूण-आलं-कोथिंबीर आणि काळा मसाला घालून सगळं गंधासारखं वाटतात आणि मग तेल सुटेपर्यंत परततात, घरी आपण इथेच घाई करतो कारण मुलं भूक लागली म्हणून ओरडत असतात. पाणी गरमच घालायचं, थंड घातलं की तर्री बसते. नंतर तो रस्सा मंद आचेवर तासन् तास उकळत राहतो, हे घरच्या गॅसवर कोण करणार? आणि शेव जाड, तिखट, ओव्याची घ्या, ती ताटात वाढताना टाका. आधी टाकली तर बेसन सुटून पिठलं होतं. हॉटेलवाला पार्सलला शेव वेगळ्या पुडीत देतो तो कंजूष म्हणून देत नाही.

प्रश्न: पार्सलचा उकळता रस्सा पातळ पिशवीत भरून वर गाठ मारून देतात, भजी पेपरात. बोललं तर म्हणतात सगळे असंच नेतात. – चोपडा

उत्तर: सगळे नेतात म्हणून बरोबर होत नाही. राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2018 पासूनच बंदी आहे आणि छापलेल्या पेपरात खायचं बांधू नका असं अन्नसुरक्षावाल्यांनी कधीचं सांगितलंय, शाई तेलात उतरते. पण भांडून उपयोग नाही, घरून स्टीलचा डबा न्या. डबा बघितला की पळीभर रस्सा जास्तच पडतो, करून बघा.

प्रश्न: मी शिक्षिका आहे, ट्रेनिंगसाठी एकटीने फिरावं लागतं. कुठल्याही हॉटेलात शिरले की वेटर बघतो आणि म्हणतो "मॅडम, फॅमिली वरती". वर पंखा बंद, टेबल पुसलेलं नाही, हाक मारली तर कुणी येत नाही. बाहेर बसले तर लोक ताटाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघतात. चांगलं हॉटेल म्हणून सगळे ज्याचं कौतुक करतात ते फक्त पुरुषांसाठी चांगलं असतं का? – शहादा

उत्तर: ताई, तुमचा प्रश्न मी इथल्या दोन-चार पुरुष मंडळींना वाचून दाखवला. "अहो, ही तर सोय आहे त्यांची" असं उत्तर आलं आणि त्यातल्या एकानेही वरची फॅमिली रूम आतून बघितलेली नव्हती. हॉटेल चांगलं आहे असं गावाचं मत म्हणजे बहुतेक वेळा गल्ल्याजवळच्या टेबलावर बसणाऱ्या पुरुषांचं मत असतं. बायका तिथं जेवतात कधी, तर लग्नाच्या बस्त्याला शहरात आल्यावर, नाहीतर दवाखान्यात कुणी अ‍ॅडमिट असलं की.

फॅमिली रूम असू दे, ज्यांना पाहिजे त्यांनी बसावं, पण एकट्या बाईला तिकडे ढकलायचा वेटरला काही अधिकार नाही. तुम्ही खालीच बसा, गल्ल्याच्या समोरचं टेबल धरा, मालकाची नजर असते म्हणून तिथली टिंगलटवाळी लगेच बंद होते आणि ताटही लवकर येतं. ज्या हॉटेलात दुपारी दारूची बाटली टेबलावर दिसते तिथे थांबूच नका, मग जेवण कितीही भारी असो. आणि जिथे भाकऱ्या थापायला मावशी असतात तिथे विचारून घ्या, माझा अनुभव असा की अशा ठिकाणी बायकांचं येणंजाणं जास्त असतं, मालकही मग जरा नीट वागतो. हॉटेल मालक वाचत असतील तर वरचा पंखा दुरुस्त करा राव, त्यासाठी काय पत्रिका छापायची का?

प्रश्न: छोट्याशा हॉटेलात जेवलो, बिलावर हाताने लिहून जीएसटी लावला, वर सर्व्हिस चार्ज. द्यायचा का? – भुसावळ

उत्तर: बिलावर छापील 15 आकडी जीएसटी नंबर आहे का बघा. नसेल तर जीएसटी घेताच येत नाही. साध्या हॉटेलाला 5 टक्के लागतो, पण बरेच छोटे हॉटेलवाले कंपोझिशन स्कीममध्ये असतात, त्यांनी कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायचा नसतो. सर्व्हिस चार्ज जबरदस्तीने लावता येत नाही असं केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणाने 2022 मध्ये सांगितलं आणि दिल्ली हायकोर्टाने 2025 मध्ये ते उचलून धरलं, तेव्हा काढायला सांगा, नाही काढला तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. टीप द्यायची तर वेटरच्या हातात द्या.

प्रश्न: आमच्या भागात एका हॉटेलावर मे महिन्यात "स्पेशल भरीत-कळण्याची भाकरी" अशी पाटी लागलीय. आमचे आप्पा म्हणतात हे भरीत नव्हेच, उगाच पैसे घालवू नका. मुलांना खायचंय. – पारोळा

उत्तर: आप्पा अर्धे बरोबर आहेत. आपलं भरिताचं वांगं, ते हिरवट, मोठं, कमी बियांचं, बामणोदकडचं, ज्याला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ते खरं थंडीतलं. कपाशीच्या काड्यांवर भाजायचं, बडगीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात, हिरवी मिरची-लसूण घालून ठेचायचं, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि शेतात बसून खायचं. मे महिन्यात वांगं मिळतं पण त्यात बिया जास्त, पात जून, आणि हॉटेलात ते गॅसवर भाजतात म्हणून धुराचा वास येत नाही, मग ती कमी झाकायला तेल जास्त घालतात. त्या पैशात मी तरी मे महिन्यात भरीत खाणार नाही.

पण कळण्याची भाकरी मिळत असेल तर मुलांना नक्की न्या. ज्वारी आणि अख्खे उडीद मीठ घालून दळलेलं ते पीठ, ती भाकरी हाताने एकेक थापावी लागते, तंदुरात रोट्या चिकटवण्याएवढं सोपं नाही, म्हणून हॉटेलांनी ती कधीच बंद केली आणि सगळीकडे बटर रोटी आली. कुणी परत सुरू केली असेल तर गिऱ्हाईक मिळायला पाहिजे. सोबत भरताऐवजी ठेचा, कच्चा कांदा आणि तेल मागा. आप्पांनाही घेऊन जा, फक्त पाटी वाचू देऊ नका.