पोथ्या, गहू आणि हायड्रोजन यांच्या संशोधनात समान काय असते?

आपला प्रश्न असा आहे: "नोकरीनिमित्त पुण्यात आल्यापासून पाहतो आहे की एका संस्थेत महाभारताच्या पोथ्या, दुसरीत गहू, तिसरीत आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी, अशा एकमेकांशी सुतराम संबंध नसलेल्या विषयांवर माणसे वर्षानुवर्षे बसलेली आहेत. या सगळ्याला 'संशोधन' हा एकच शब्द कसा लागू पडतो? त्यांच्यात खरोखर काही समान असते का?"

मी स्वतः संशोधक नाही. पुण्यातल्या एका ग्रंथालयात मी एकोणतीस वर्षे नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षे प्रबंधांच्या दालनात गेली, एवढाच माझा अधिकार. रेक्झिनची बांधणी आणि पाठीवर सोनेरी अक्षरे असलेला प्रबंध हाती आला की त्याला वर्गांक द्यायचा आणि जागेवर लावायचा, हे माझे काम होते. विषयांना आकडे देण्याच्या ड्युई पद्धतीत २९४.५ म्हणजे हिंदू धर्म, ५२३ म्हणजे ग्रहतारे, ५५१.६ म्हणजे हवामान, ६३३ म्हणजे शेतातली पिके आणि ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य. ग्रंथपालाला यातला एकही विषय नीट येत नसला तरी प्रत्येक प्रबंध नेमका कशाबद्दल आहे हे मात्र ओळखावे लागते, आणि त्यासाठी शीर्षकावर कधीही विसंबून चालत नाही. दगडफुलावरचा एक प्रबंध आमच्या एका सहकाऱ्याने ६४१ मध्ये, म्हणजे पाककलेत लावला होता. गोड्या मसाल्यातले दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून घडलेली वनस्पतीसारखी रचना असते, आणि आघारकर संशोधन संस्थेत तिचा गंभीरपणे अभ्यास होतो, हे त्या निमित्ताने आम्हां दोघांनाही कळले.

शीर्षकावर विसंबता येत नसल्यामुळे मला एक सवय लागली. मी प्रस्तावना आणि निष्कर्ष वाचून झाल्यावर प्रबंधाचा सर्वांत कंटाळवाणा भाग उघडत असे: परिशिष्टे, तक्ते, पाठभेदांच्या याद्या, मोजमापांतल्या त्रुटींचे हिशेब. आपल्या प्रश्नाचे उत्तर मला तिथेच सापडले, असे मला वाटते. या विषयांची साधने वेगळी, भाषा वेगळी, हेतूही वेगळे. समान असते ती नोंद ठेवण्याची एक विशिष्ट रीत: आपण चुकलो असू तर ती चूक एखाद्या परक्या माणसाला आपल्याच कागदांवरून पकडता यावी, अशा बेताने ठेवलेली नोंद.

हे नुसते सांगून पटणार नाही, म्हणून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरापासून सुरुवात करतो. ही संस्था १९१७ साली स्थापन झाली आणि महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झाले. या कामात एकूण १,२५९ हस्तलिखितांचा उपयोग केला गेला. ती शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा अनेक लिप्यांतली होती, आणि कोणतीही दोन हस्तलिखिते तंतोतंत जुळत नव्हती. मग मूळच्या जवळचा पाठ कोणता, हे ठरवायचे कसे? त्यासाठी चौकटी आखलेले मोठे कागद तयार केले गेले. सर्वांत वरच्या ओळीत प्रचलित पाठातला श्लोक एका चौकटीत एक अक्षर अशा पद्धतीने लिहायचा, आणि खाली एकेका पोथीसाठी एकेक ओळ ठेवून, जिथे त्या पोथीतले अक्षर वेगळे असेल तिथे त्याच स्तंभात ते नोंदवायचे. पुण्याखेरीज शांतिनिकेतन आणि तंजावर इथेही पोथ्या ताडून पाहण्याचे काम चालत असे. एका पंडिताने वाचायचे, दुसऱ्याने लिहायचे, आणि हे श्लोकामागून श्लोक, वर्षामागून वर्षे.

या आवृत्तीची पद्धत खऱ्या अर्थाने घडवली ती १९२५ मध्ये प्रमुख संपादक झालेल्या विष्णु सीताराम सुखटणकरांनी, आणि ते मुळात केंब्रिजला गणित शिकलेले होते. मला हा तपशील नेहमी महत्त्वाचा वाटत आला आहे. काश्मीरची शारदा लिपीतली परंपरा आणि केरळची मल्याळम लिपीतली परंपरा या देशाच्या दोन टोकांच्या. त्यांनी एकमेकींची नक्कल केली असण्याचा संभव फार कमी. तेव्हा या दोन्ही परंपरा एखाद्या ठिकाणी एकच शब्द देत असतील, तर तो शब्द त्या एकमेकींपासून फुटण्यापूर्वीचा असला पाहिजे, हा युक्तिवाद व्याकरणापेक्षा संभाव्यतेच्या गणिताला जवळचा आहे. त्याच कसोटीवर, व्यास सांगत आहेत आणि गणपती लिहून घेत आहेत ही आपल्या सर्वांच्या परिचयाची कथा मुख्य पाठातून गळली आणि परिशिष्टात गेली.

लोक या निर्णयाबद्दल अजूनही चिडून बोलतात. परंतु जे गाळले ते नाहीसे केलेले नाही, ही त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. प्रत्येक पानावर वर निवडलेला पाठ आहे आणि खाली बारीक टाइपात न निवडलेले पाठ, कोणत्या पोथीत काय आहे याच्या खुणांसह दिलेले आहेत. सुखटणकर अमुक श्लोकात चुकले असे आपल्याला सिद्ध करायचे असेल, तर लागणारा दारूगोळा त्यांनीच त्या पानाच्या तळाशी ठेवून दिला आहे.

आता नारायणगावजवळच्या खोडदला चला. पुण्याच्या उत्तरेला सुमारे ऐंशी किलोमीटरवर खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली विशाल मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यांतल्या चौदा मध्यभागी दाटीने आणि सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, जास्तीत जास्त पंचवीस किलोमीटरच्या पल्ल्यापर्यंत पसरलेल्या. तबकडीला भरीव पत्रा नसून तारांची जाळी ताणलेली असते, त्यामुळे वारा आरपार जातो, सांगाडा हलका राहतो आणि खर्च कमी होतो. लांबून पाहणाऱ्याला द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या मळ्यांमध्ये कुणी प्रचंड चाळण्या उलथून ठेवल्या असाव्यात असे वाटते.

तीस तबकड्यांच्या जोड्या ४३५ होतात, आणि प्रत्येक जोडीकडे आलेले संकेत एकमेकांशी ताडून पाहिले जातात. ही एका अर्थाने पोथ्यांसारखीच जुळणी आहे. आकाशातून आलेला खरा संकेत या जोड्यांत ठरावीक हिशेबाने जुळतो, आणि एखाद्या तबकडीजवळच्या विजेच्या तारेने किंवा मोटारीने घातलेला गोंधळ तसा जुळत नाही. शिवाय निरीक्षण चालू असताना मधूनमधून दुर्बीण एखाद्या अशा स्रोताकडे वळवतात, ज्याचे तेज आधीपासून नीट माहीत आहे. हेतू एवढाच की यंत्र आज खरे बोलते आहे की नाही हे कळावे. २०२३ च्या जानेवारीत याच दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून एका अतिदूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संकेत सापडल्याचे जाहीर झाले. तो तिथून निघाला तेव्हा लहरीची लांबी २१ सेंटीमीटर होती, आणि विश्वाच्या प्रसरणामुळे ताणली जाऊन इथे पोहोचेपर्यंत ती ४८ सेंटीमीटर झाली होती. सुमारे ८८० कोटी वर्षांच्या प्रवासात झालेल्या या बदलावर विश्वास का ठेवायचा, तर मधल्या प्रत्येक पायरीवर कोणती निरीक्षणे टाकून दिली आणि का टाकली, याची नोंद असते म्हणून.

माझ्या मते आपल्या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी हा एक माणूस. जन्म १९०७, गोव्यातला, शिक्षण हार्वर्डला, व्यवसाय गणिताचा, मुक्काम पुण्यात आणि नोकरी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, त्यामुळे डेक्कन क्वीनने ये-जा. इतिहास लिहिणारे कोसंबी मराठी वाचकाला ठाऊक असतात. मात्र ते इतिहासाकडे वळले ते नाण्यांच्या वाटेने. तक्षशिलेच्या ढिगांतल्या आहत, म्हणजे ठसे मारून पाडलेल्या नाण्यांवर राजाचे नाव नाही आणि सालही नाही. कोसंबींनी तराजू घेतला. नाणे हातोहाती फिरले की झिजते. म्हणून जितका काळ चलनात गेला तितके एका गटातल्या नाण्यांचे सरासरी वजन घटणार, आणि सगळी सारखी झिजत नसल्यामुळे वजनांतली तफावत वाढत जाणार. हे तत्त्व खरे आहे की नाही हे तपासायला त्यांनी आधी साल छापलेली, रोजच्या वापरातली चालू नाणी वजन करून पाहिली. आहत नाण्यांचा कालानुक्रम त्यांनी त्यानंतर मांडला. किराणा दुकानात जे नाणे आपण न बघता गल्ल्यात टाकतो, ते त्यांच्या दृष्टीने मौर्यकाळावरच्या विधानाचा साक्षीदार होते.

याच माणसाने १९४४ मध्ये आनुवंशिकीत एक लहानसा शोधनिबंध लिहिला. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती दूर आहेत याचा अंदाज, ती पुढच्या पिढीत किती वेळा वेगळी होतात यावरून कसा बांधावा, याचे एक सूत्र त्यांनी दिले. आज गव्हाच्या किंवा भाताच्या जनुकीय नकाशावरचा निबंध उघडला, तर अंतर 'कोसंबी' पद्धतीने काढल्याचा उल्लेख हटकून भेटतो, आणि तो करणाऱ्या अनेकांना या गृहस्थांनी भर्तृहरीच्या शतककाव्यांची चिकित्सक आवृत्तीही १९४८ साली काढली होती याची कल्पना नसते. भर्तृहरीचे काम पुन्हा तेच: शेकडो पोथ्या, त्यांचे वंशवृक्ष, आणि कोणता श्लोक किती शाखांत आढळतो याची मोजणी. माझ्या दालनात ६३३ आणि ८९१ या वर्गांकांमध्ये चार कपाटांचे अंतर होते. त्यांच्या टेबलावर ते नसावे.

अशा माणसाची केवळ स्तुती करणे मात्र बरोबर होणार नाही. १९५९ मध्ये त्यांनी मूळ संख्यांच्या वाटणीशी निगडित असलेल्या, गणितातल्या प्रसिद्ध रीमान गृहीतकाची सिद्धता शेतीविषयक संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध केली. ती सदोष निघाली आणि गणितज्ञांमध्ये त्यांची बरीच नाचक्की झाली. एका क्षेत्रात अंगवळणी पडलेली संभाव्यतेची भाषा दुसऱ्या क्षेत्रात पुरावा म्हणून चालेलच असे नाही. नाण्यांच्या बाबतीत तफावत हीच माहिती असते. शुद्ध गणितात 'बहुधा' या शब्दाला किंमत नाही. म्हणजे नोंद ठेवण्याची रीत समान असली, तरी काय सिद्ध झाले म्हणायचे याचा उंबरठा प्रत्येक विषयाचा वेगळा असतो, आणि तो ओलांडल्याचा भास हुशार माणसालाही होतो.

पुण्यातल्या इतर कामांबद्दल थोडक्यातच लिहितो. डेक्कन कॉलेजात ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेला संस्कृत शब्दकोश तयार होतो आहे. सुमारे दीड हजार ग्रंथांतून काढलेल्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तिथे लोखंडी कपाटांत आहेत. पहिला भाग १९७६ मध्ये निघाला आणि काम अजून 'अ' या अक्षरात आहे, ही गोष्ट सांगितली की ऐकणारा हमखास हसतो. चिठ्ठीवर शब्द, वाक्य आणि ग्रंथातले स्थळ लिहिलेले असते. अर्थ पटला नाही तर मूळ ग्रंथ उघडता येतो. जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रकल्प गी पॉइतवँ आणि हेमा राइरकर यांनी उभा केला, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या आहेत, आणि ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव व गावही जपलेले आहे. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या खोडातली वर्तुळे मोजून, पर्जन्यमापक नव्हते त्या काळातल्या पावसाचा अंदाज बांधला गेला आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३३ साली पुण्याच्या फळबाजाराची पाहणी प्रसिद्ध केली होती. फळबाजाराची मुद्दाम पाहणी ती काय करायची, असे त्या काळीही कुणीतरी म्हणाले असेलच.

सगळेच प्रबंध असे नसतात, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मी असेही पुष्कळ प्रबंध लावले आहेत ज्यांत दोनशे पाने जुन्या पुस्तकांचे सार होते आणि प्रश्नावलीचे निष्कर्ष प्रश्नावली वाटण्यापूर्वीच ठरलेले दिसत होते. ते ओळखण्याची माझी खूण साधी होती: त्यांच्या परिशिष्टात एकही गैरसोयीची नोंद नसे. पदवी त्यांनाही मिळाली. वर्गांक मीही दिला, कारण गुणवत्तेसाठी ड्युईने वेगळा आकडा ठेवलेला नाही.

आपण पुण्यातच आहात, तर हे सारे प्रत्यक्ष पाहता येण्यासारखे आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला दुर्बीण लोकांसाठी खुली करतात आणि आसपासच्या शाळांतली मुले आपापले प्रयोग मांडून बसतात. तबकड्यांजवळ जाताना मोबाइल बंद ठेवायला सांगतात, तो खरोखरच बंद ठेवा. नाही तर त्या दिवशीच्या टाकून द्यायच्या नोंदींत एक आपलीही असेल.