जर-तरचा डाव : बेब रूथ बोस्टनलाच राहिला असता तर?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो की रात्री जेवणं उरकली की मी 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' नावाचा कॉम्प्युटर गेम लावून बसतो, तर त्यावर ढीगभर पत्रं आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या गेममध्ये बॅट फिरवायची नसते, तुम्ही टीमचे मॅनेजर असता, १८७१ पासूनचा कुठलाही सीझन उघडायचा, त्यात खरे खेळाडू खऱ्या आकड्यांसकट हजर असतात आणि तिथून पुढचा इतिहास कॉम्प्युटर नव्याने घडवत जातो. १९९९ मध्ये हा गेम काढला मार्कस हाइन्सोन या जर्मन माणसाने, म्हणजे बेसबॉलचं खूळ लागायला अमेरिकेतच जन्मावं लागतं असं काही नाही. आज पत्रांत ज्याचं नाव येणार तो बेब रूथ म्हणजे बेसबॉलचा सगळ्यात गाजलेला फटकेबाज. आता पत्रं.

प्रश्न : सर, मी १९१९ चा सीझन उघडला, खरे सौदे आपोआप होण्याचा ऑप्शन बंद केला, म्हणजे बेब रूथ न्यूयॉर्क यँकीजला विकला गेलाच नाही, बोस्टन रेड सॉक्सकडेच राहिला. मी जाम खूश. आणि १९२१ च्या जुलैत बघतो तर कॉम्प्युटरने त्याला डेट्रॉइटला देऊन टाकलेला, बदल्यात तीन पोरं घेतली ज्यांची नावं पण मी कधी ऐकली नव्हती. गेम बिघडलाय का?
– आयटीवाला, बाणेर

उत्तर : बिघडलेला नाही हो, आणि १९१९ पासून सुरुवात केलीत हे फार बरं केलंत, १९२० उघडला असतात तर रूथ आधीच यँकीजचा शर्ट घालून बसलेला दिसला असता. भानगड अशी आहे की या गेमला आकडे कळतात, कारणं कळत नाहीत. खऱ्या इतिहासात रूथ का गेला? बोस्टनचा मालक हॅरी फ्रेझी नाटकं काढायचा, त्याला पैशाची चणचण होती आणि रूथ पगार वाढवून मागत होता, म्हणून डिसेंबर १९१९ मध्ये १ लाख डॉलरला सौदा झाला, वर फेनवे पार्क तारण ठेवून मोठं कर्जही मिळालं. तुम्ही तो एक सौदा अडवलात, पण बोस्टनच्या खुर्चीत आता फ्रेझीच्या जागी कॉम्प्युटर बसलाय, त्याला रूथ म्हणजे फक्त एक महागडा माणूस दिसतो, समोरून तीन होतकरू पोरं दिसली की तो हिशोब करतो आणि देऊन मोकळा होतो. 'हा माणूस पुढे बेब रूथ होणार आहे' हे त्याला कोण सांगणार!

उपाय सोपा आहे, बोस्टनचे मॅनेजर स्वतः व्हा. नाहीतर ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) किती व्हावेत याची सेटिंग आहे ती पहिली तीन-चार वर्षं अगदी खाली आणून ठेवा. कमिशनर मोडमध्ये (सगळ्या लीगचे अधिकार आपल्या हातात) जाऊन झालेला ट्रेड उलटा पण फिरवता येतो, पण ते म्हणजे कॅरममध्ये आपली सोंगटी हाताने सरकवण्यासारखं आहे, मला नाही आवडत, तुमचं तुम्ही बघा.

पण खरी गंमत यापुढे आहे आणि ती तुम्ही विचारलीच नाहीत. रूथ बोस्टनला राहिला तर ५४ होमरन (बॉल थेट मैदानाबाहेर, आपला सिक्सच) मारेल का, जे त्याने १९२० ला न्यूयॉर्कला गेल्या गेल्या मारले? फेनवे पार्कची उजवी बाजू तेव्हा लांबलचक होती आणि रूथ डावरा, म्हणजे त्याचे फटके नेमके तिकडेच जाणार. १९१८ मध्ये त्याने ११ होमरन मारले ते सगळेच्या सगळे बाहेरच्या मैदानांवर, १९१९ च्या २९ पैकी घरच्या मैदानावर फक्त ९. आणि यँकीज तेव्हा जिथे खेळायचे त्या पोलो ग्राउंड्सची उजवी बाजू होती २५८ फूट, म्हणजे आमच्या सोसायटीच्या गल्लीत बॉल समोरच्या गच्चीत गेला की सिक्स, तसला प्रकार.

आता इथे एक टिक महत्त्वाची. गेममध्ये ऑप्शन आहे की दरवर्षी खेळाडूचं रेटिंग त्याच्या खऱ्या आकड्यांवरून पुन्हा मोजायचं. ते चालू ठेवलंत तर इतिहास खुंटीला बांधलेल्या गाईसारखा चालतो, इकडेतिकडे फिरेल पण दोरीच्या लांबीएवढाच, रूथ कुठेही असला तरी रूथच होणार. बंद केलंत तर प्रत्येक पोराचं पुढचं आयुष्य गेम स्वतः ठरवतो, मग रूथचा गुडघा सत्ताविसाव्या वर्षी जाऊ शकतो आणि ज्याचं नाव कुठेच नाही असा कोणीतरी ६०० होमरन मारून जातो. यात चूक-बरोबर काही नाही, दोन वेगळे प्रश्न आहेत. 'हाच रूथ दुसऱ्या मैदानावर काय करेल' हे बघायचं तर टिक चालू, आणि 'रूथ पुन्हा जन्माला आला तर पुन्हा रूथ होईल का' हे बघायचं तर बंद.

आणि एकदाच चालवून निष्कर्ष काढू नका प्लीज. १९१९ ची सेव्ह फाइल कॉपी करून ठेवा आणि तिथूनच पुन्हा पुन्हा सुरू करा. माझ्याकडे यासाठी दोनशे पानी वही आहे, अप्पा बळवंत चौकातून आणलेली, एका पानावर एक इतिहास. एका पानावर बोस्टन १९२३ लाच चॅम्पियन आहे (खऱ्या बोस्टनला १९१८ नंतर थेट २००४ उजाडलं), एका पानावर मॅनेजरने रूथला पिचरच (म्हणजे आपला बॉलर) ठेवलाय, जे तसं वेडगळ नाही कारण १९१६ मध्ये तो २३ मॅच जिंकलेला पिचर होता, आणि एका पानावर मी नुसतं 'छ्या' लिहून ठेवलंय, का लिहिलं ते आता आठवत नाही.

प्रश्न : माझा प्रोजेक्ट आहे, जॅकी रॉबिन्सनच्या आधीच, म्हणजे १९२० पासूनच कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगमध्ये घेतलं असतं तर काय झालं असतं. गेमवर करता येईल का?
– एम.ए. इतिहास, कर्वेनगर

उत्तर : विषय एक नंबर निवडलायस, पण जपून. मेजर लीगची, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगची, वर्णबंदी मोडणारा रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला १५ एप्रिल १९४७ ला, वय २८. त्याच्या तीन महिने आधी जॉश गिब्सन हा कृष्णवर्णीयांच्या लीगमधला दिग्गज फटकेबाज वारला, ३५ वर्षांचा, मेजर लीगच्या टीमकडून एकदाही न खेळता. तिथलाच पिचर सॅचेल पेज, त्याला संधी मिळाली १९४८ ला, वयाच्या ४२ व्या वर्षी, आणि तरी पठ्ठ्याने ६ मॅच जिंकल्या आणि एकच हरला. त्यामुळे तरुण पेजला रूथसमोर उभं करायचा मोह कुणालाही होईल.

अडचण आकड्यांची आहे. २०२४ मध्ये मेजर लीगने निग्रो लीग्जचे (कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीग) १९२० ते १९४८ चे आकडे अधिकृत रेकॉर्डमध्ये घेतले आणि गिब्सनची ०.३७२ ही करिअरची सरासरी (साधारण हजार प्रयत्नांत ३७२ यशस्वी फटके) आधीचा विक्रमवीर टाय कॉबच्या ०.३६७ च्या वर जाऊन बसली. पण त्या लीगचे सीझन छोटे, बाकीच्या मॅच गावोगाव फिरून खेळलेल्या, त्या मोजलेल्याच नाहीत. गिब्सनची १९४३ ची सरासरी ०.४६६ आहे, ती जशीच्या तशी गेमला खायला घातलीस तर गेम म्हणेल हा माणूस नाही राक्षस आहे आणि दीडशे मॅचचा सीझन तसाच खेळवेल. म्हणून एका वर्षावर रेटिंग काढू नकोस, तीन वर्षांची सरासरी घे.

दुसरं म्हणजे तेव्हा टीम होत्या १६. वरून शंभर चांगले खेळाडू आले तर खालून शंभर जातील, ते कोण याची यादी कर, तुझ्या प्रोजेक्टमधला सगळ्यात भारी भाग तोच असेल असं मला वाटतं. आणि पुन्हा तेच, गेममध्ये तू एक टिक काढलीस की भेदभाव संपला, कॉम्प्युटरच्या सोळा मॅनेजरांना फक्त रेटिंग दिसतं. खऱ्यात १९४७ नंतर सुद्धा बोस्टनने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरवला १९५९ मध्ये, बारा वर्षांनी! ते मालक, ती हॉटेलं, ते प्रेक्षक गेममध्ये नाहीत, ते तुला लिहावं लागेल.

प्रश्न : नातू दिवसभर हे असलं काहीतरी बघत बसतो. पुण्यात बेसबॉल कोण विचारतो? जर-तरच करायचं तर आपल्या भाऊसाहेब निंबाळकरांचं करा की!
– वय ७४, सदाशिव पेठ

उत्तर : काका, तुम्ही माझ्या मर्मावर बोट ठेवलंत. नातवाला सांगा, डिसेंबर १९४८, आपलं पूना क्लबचं मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, निंबाळकर नाबाद ४४३, महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या विश्वविक्रमी ४५२ ला ९ रन कमी. आणि जेवणाच्या सुट्टीत काठियावाडच्या कॅप्टनने मॅच सोडून दिली, टीम घेऊन निघूनच गेला. एवढं होऊन निंबाळकरांना टेस्ट एकही मिळाली नाही.

आता हे गेममध्ये घातलं तर काय होईल? निंबाळकर जेवून येतील, दोन-तीन ओव्हरमध्ये १० रन होतील, विक्रम मोडला, विषय संपला. कारण रागावून मैदान सोडणारा कॅप्टन कुठल्याच गेममध्ये नसतो. बेसबॉल कॉम्प्युटरला जमतो कारण तिथे प्रत्येक वेळी एक पिचर, एक बॅटर, शेवटी निकाल काय तो एक, आणि दीडशे वर्षांचे आकडे लिहून ठेवलेले. आपण शाळेत बाकाखाली पुस्तक उघडून पानाच्या नंबरवर बुक क्रिकेट खेळायचो ना, तेच आहे हे, फक्त पुस्तक फार जाड आहे. नातवाशेजारी एक संध्याकाळ बसून बघा, टीम तुम्ही निवडा, माउस त्याच्याकडे राहू दे.

प्रश्न : जुना लॅपटॉप आहे, पन्नास वर्षं सिम्युलेट करायला लावली की हँग होतो.
– धनकवडी

उत्तर : खालच्या मायनर लीग बंद करा, प्रत्येक मॅचचा स्कोअरकार्ड सेव्ह करायचं बंद करा, निम्मा भार तिथेच असतो. नवीन व्हर्जन दरवर्षी येतं, पण इतिहास खेळायला मागच्या वर्षीचं स्वस्तातलं चालतं. बॅटरी गेलेली असेल तर गुरुवारी लाईट जाण्याच्या भीतीने बुधवारी रात्रीच सेव्ह करून झोपा, माझी १९३१ ते १९३८ एवढी वर्षं एका गुरुवारी लाईट गेली तेव्हा गेली.