बोटात काटा रुतल्यावर दाह बोटापुरताच का राहतो, अंगभर का पसरत नाही?

काटा रुतलेली जागा लाल होऊन ठणकते, पण दाह सहसा तिथेच थांबतो, कारण तो पेटवणारी बहुतेक रसायने अल्पायुषी असतात आणि सुजेत साचणारे फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे जाळे जंतूंची वाट अडवते. आधी धावून आलेल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी थोड्याच काळात मरतात (पू म्हणजे बव्हंशी त्यांचाच खच). त्यांना गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी मग आपला पवित्रा बदलून इंटरल्यूकिन-१०सारखी दाह शमवणारी द्रव्ये सोडू लागतात, आणि माझ्या मते या यंत्रणेतला सर्वांत सुंदर भाग हाच आहे. नियामक टी पेशी (प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक यांचा लगाम असतो तो वेगळाच. हे बांध फुटून संसर्गाला दिलेला प्रतिसाद सर्व शरीरभर अनावर झाला, तर सेप्सिस ही जीवघेणी अवस्था उद्भवते.