वाचकांचे प्रश्न : पती सीमेवर, चार लहान मुले घरी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे सैनिकी कुटुंबांतील आहेत. त्यांतील अडचणी एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळे त्यांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : माझे पती लष्करात आहेत. आम्हाला चार मुले आहेत. थोरली मुलगी आठ वर्षांची, मधले दोन मुलगे सहा आणि तीन वर्षांचे आणि धाकटी नऊ महिन्यांची. पुढच्या महिन्यात पतींची नेमणूक अशा ठिकाणी होत आहे, जिथे कुटुंबाला नेता येत नाही. परत कधी येणार, हेही निश्चित नाही. तीन वर्षांच्या मुलाला काय सांगावे, ते कळत नाही. थोरली आतापासूनच ‘मी सगळ्यांना सांभाळीन’ म्हणू लागली आहे. तिचे कौतुक वाटते आणि काळजीही वाटते. शिवाय एरवी फारसे न भांडणारे आम्ही दोघे सध्या रोज कशावरून तरी भांडतो. आई आणि वडील या दोन्ही भूमिका मी एकटीने कशा निभावू?

उत्तर : आपल्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. दोन्ही भूमिका निभावण्याचा विचार आपण मनातून काढून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एक तर चार लहान मुलांच्या घरात ते कोणालाही जमण्यासारखे नाही, आणि दुसरे म्हणजे ते जमले, तरी पती परत येतील तेव्हा त्यांना घरात करण्यासारखे काही उरलेले नसेल. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रूबेन हिल यांनी दुसऱ्या महायुद्धात घरचा कर्ता पुरुष दूर गेलेल्या कुटुंबांचा अभ्यास करून त्याचे निष्कर्ष १९४९ मध्ये प्रसिद्ध केले. विरह सोसणे आणि पुनर्भेटीनंतर पुन्हा एकत्र नांदणे या दोन वेगवेगळ्या कसोट्या आहेत आणि एकीत उत्तम ठरलेले कुटुंब दुसरीत उत्तम ठरेलच असे नाही, हे त्या अभ्यासातून दिसले. वडिलांवाचून सगळे इतके चोख बसवून टाकलेली घरे वडील परतल्यावर अडखळली, तर त्यांच्यावाचून काहीच न ठरवू शकणारी घरे आधीच खचली. आपल्याला या दोहोंच्या मधली वाट धरायची आहे. रोजचा व्यवहार पूर्णपणे आपल्या हाती असावा, मात्र दोन-चार गोष्टी वडिलांच्याच राहू द्याव्यात. सहा वर्षांच्या मुलाला सायकल शिकवणे किंवा थोरलीचे प्रगतिपुस्तक फोनवर तिच्याच तोंडून ऐकून घेणे, अशा त्या गोष्टी असाव्यात. त्या लांबल्या तरी चालतील. दूध, औषध, शाळा, शिस्त यांतील निर्णय मात्र त्यांच्या फोनसाठी अडवून ठेवू नयेत. ‘बाबा आल्यावर सांगते त्यांना’ ही धमकी तर कधीच देऊ नये, कारण त्यामुळे मुले ज्या माणसाची वाट पाहत असतात, त्याचीच त्यांना भीती वाटू लागते.

भांडणांविषयी आपण फार मनाला लावून घेऊ नये. कॅथलीन व्हेस्टल लोगन यांनी १९८७ मध्ये अमेरिकन नौदलातील कुटुंबांच्या अनुभवांवरून अशा विरहाचे सात टप्पे मांडले, आणि त्यांतील पहिले दोन टप्पे माणूस निघण्याच्या आधीचेच आहेत. निघण्याचे दिवस जवळ आले की दोघांचीही मने आपोआप आखडती होतात. दुरावा असह्य होऊ नये, म्हणून तो आधीच थोडा निर्माण केला जातो आणि त्यासाठी चिडचिडीइतके सोपे साधन दुसरे नसते. हे दोघांनी एकमेकांना एकदा बोलून दाखवले, तरी पुष्कळ फरक पडतो.

आता तीन वर्षांच्या मुलाविषयी. या वयात काळाची जाणीव फारच अपुरी असते. ‘बाबा लवकर येतील’ असे आपण म्हटले, तर त्याच्या दृष्टीने ‘लवकर’ म्हणजे आज संध्याकाळी; आणि संध्याकाळी बाबा आले नाहीत, की त्याचा आपल्या शब्दावरचा विश्वास थोडा कमी होतो. त्यापेक्षा सरळ सांगावे : “बाबा कामासाठी दूर गेले आहेत. आज येणार नाहीत, उद्याही येणार नाहीत. यायचे ठरले, की मी तुला आधी सांगेन.” हेच त्याला अनेकदा, तितक्याच शांतपणे सांगावे लागेल. तो पुन्हा अंथरूण ओले करू लागेल, आपल्याला सोडून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणार नाही, कदाचित धाकटीला ढकलेल. हा हट्टीपणा नव्हे. एक माणूस घरातून गेला, तसा दुसराही जाईल का, याची तो आपल्या परीने खात्री करून घेत असतो. अशा वेळी त्याला शिक्षा करण्यापेक्षा आपण दाराबाहेर पडताना ‘कुठे जाते आणि कधी येते’ हे सांगून त्याप्रमाणे परत येणे अधिक उपयोगी पडते. नक्की तारीख हाती आल्याशिवाय परतीचा दिवस मुलांना सांगू नये आणि फोनची ठरावीक वेळही कबूल करू नये, कारण या दोन्ही गोष्टी आपल्या हाती नाहीत आणि मोडलेल्या शब्दाचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागते.

थोरलीचा प्रश्न मला या सर्वांत अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तिचा त्रास दिसणार नाही. मधला मुलगा रडेल, धाकटी जागवेल आणि आपले लक्ष तिकडे जाईल. ही मुलगी मात्र शहाण्यासारखी वागत राहील आणि पाहुणे तिला ‘आईचा उजवा हात’ म्हणतील. तिला कामे अवश्य द्यावीत. घड्या घालणे, पाने मांडणे, भावाला गोष्ट वाचून दाखवणे यातून तिला आपण उपयोगी आहोत याचा आनंद मिळेल. पण काम देणे वेगळे आणि काळजीचा भार देणे वेगळे. ‘बाळाकडे लक्ष ठेव, मी अंघोळ करून येते’ हे काम नव्हे. त्या दहा मिनिटांत नऊ महिन्यांच्या, रांगणाऱ्या बाळाला काही झाले, तर त्याचा दोष ती आठ वर्षांची मुलगी आयुष्यभर स्वतःकडे घेईल. तसेच पैशांची ओढाताण, पतींविषयीची भीती, सासरचे मतभेद हे तिच्यापाशी बोलू नये, ती कितीही समजूतदार वाटली तरी.

तिच्यासाठी वेळ कुठून काढायचा, याचे उत्तर झोपेच्या वेळापत्रकात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी दिलेल्या मार्गदर्शनानुसार चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसा-रात्री मिळून १२ ते १६ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते. थोरल्यांची गरज त्याहून कमी असते. चौघांना एकाच वेळी झोपवण्याच्या खटाटोपात रात्रीचे दोन तास जातात आणि कोणीच वेळेवर झोपत नाही, असा पुष्कळ आयांचा अनुभव आहे. त्याऐवजी धाकटी, मग तीन वर्षांचा, मग सहा वर्षांचा, अशी वयाप्रमाणे चढती रांग लावावी आणि शेवटचा अर्धा तास फक्त थोरलीचा ठेवावा. त्या अर्ध्या तासात तिने कोणाचीही ताई असू नये.

व्यवहाराचे थोडक्यात सांगते. पती निघण्यापूर्वी बँक, विमा, मुलांचे जन्मदाखले, लसीकरणाच्या नोंदी आणि शाळेचे कागद एका ठिकाणी आणून जिथे त्यांची सही लागते तिथे ती आधीच घ्यावी. मध्यरात्री एका मुलाला दवाखान्यात न्यावे लागले, तर उरलेल्या तिघांजवळ कोण येऊन थांबेल, हे दोन घरांशी आधीच बोलून ठरवावे. दोन, कारण एक घर बंद असू शकते.

प्रश्न : मला पाच मुले आहेत, सर्वांत धाकटा तीन महिन्यांचा. पती दूरच्या ठाण्यावर आहेत. काही आठवड्यांपासून मला कशातच रस वाटत नाही, बाळ झोपलेले असतानाही झोप लागत नाही आणि कारण नसताना रडू येते. घरची माणसे म्हणतात, सैनिकाच्या पत्नीने खंबीर राहायला हवे. मी कमी पडते आहे का?

उत्तर : नाही. आपण कमी पडत नाही, आपण बहुधा आजारी आहात, आणि या आजारावर उपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगभरात नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो आणि त्यात मुख्यतः नैराश्य असते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांतील हळवेपणा साधारण दोन आठवड्यांत ओसरतो; त्यापुढे टिकणारी उदासी, बाळ शांत झोपलेले असतानाही न लागणारी झोप आणि कशातच मन न रमणे ही डॉक्टरांकडे जाण्याची लक्षणे आहेत. याच आठवड्यात जावे. अंगावर पाजत असाल, तर तसे डॉक्टरांना सांगावे, म्हणजे त्यानुसार औषध ठरवता येते. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी, असा विचार क्षणभरही मनात आला, तर एकटे न राहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि जवळच्या माणसाला तसे स्पष्ट शब्दांत सांगावे. पतींनाही कळवावे. त्यांना काळजी वाटू नये म्हणून लपवणे मला योग्य वाटत नाही. ते दूर असले, तरी एखाद्या नातेवाइकाला सोबतीला बोलावून घेणे, वरिष्ठांना परिस्थिती कळवणे हे ते तिथूनही करू शकतात. घरच्या माणसांना हे उत्तर वाचायला द्यावे. त्यांच्याकडून आपल्याला हवी आहे ती रात्रीची सलग झोप, आणि ती द्यायची तर त्यांच्यापैकी कोणीतरी बाळासाठी जागायला हवे.

प्रश्न : मी स्वतः सैनिक आहे. बऱ्याच महिन्यांनी रजेवर आलो, तर दोन वर्षांचा मुलगा माझ्याकडे पाहायलाही तयार नाही, आणि मोठी मुले कोणतीही परवानगी आईकडेच मागतात. मी शिस्त लावायला गेलो, की पत्नीला ते आवडत नाही. रजा संपत आली आहे. काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रातील दुःख मला समजते. ज्या घराच्या ओढीने महिने काढले, तिथेच आपण परके ठरावे, हे सोपे नाही. मुलाचे वागणे मात्र आपल्याविषयीचा नकार नाही. जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी या ब्रिटिश संशोधकांनी १९५० च्या दशकात आईवडिलांपासून दुरावलेल्या लहान मुलांचे बारकाईने निरीक्षण केले, तेव्हा आधी आकांत, मग खिन्नता आणि शेवटी अलिप्तपणा असा क्रम त्यांना दिसला. परतलेल्या आईकडेही ही मुले काही काळ पाठ फिरवीत. ती मुले रुग्णालयात किंवा संस्थेत एकटी होती; आपल्या मुलाजवळ त्याची आई सतत होती, त्यामुळे त्याची अवस्था पुष्कळ सौम्य आहे. त्याला उचलून घेण्याची घाई करू नये. तो खेळत असेल, तिथे जमिनीवर बसावे आणि त्याला आपल्याकडे येऊ द्यावे. त्याचे एखादे नित्याचे काम, म्हणजे अंघोळ किंवा रात्रीची गोष्ट, आधी आईच्या सोबतीने आणि नंतर एकट्याने करावे.

शिस्तीबाबत पत्नीचे बरोबर आहे, असे मला वाटते. आपल्या गैरहजेरीत तिने काही नियम उभे केले आहेत आणि त्यांवर ते घर चालले आहे. रजेच्या पहिल्या दिवसांत ते नियम शिकून घ्यावेत, तेच पाळावेत, आणि न पटलेले मुलांसमोर न बोलता रात्री तिच्याशी बोलावे. तिनेही मुलांना ‘हे बाबांना विचारा’ असे अधूनमधून म्हणायला हवे, नाहीतर आपल्यासाठी घरात जागा होणार नाही.

मोठ्या मुलांना एकेकट्याने बाहेर घेऊन जावे. चौघा-पाचांच्या घोळक्यात कोणाच्याच मनातले बाहेर येत नाही. वडिलांबरोबर एकटा चालणारा मुलगा मात्र विचारतो की तुम्हाला तिथे भीती वाटते का. त्याचे खरे उत्तर त्याच्या वयाला झेपेल इतपत द्यावे. घरी असतानाच आपल्या आवाजात गोष्टी ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. दोन वर्षांचे मूल फोनवर संभाषण करू शकत नाही, पण तोच आवाज आणि तीच गोष्ट ते रोज ऐकू शकते.

आणि रजा संपल्यावर, निरोपाचे रडणे टाळण्यासाठी, मुले झोपेत असताना निघून जाऊ नये. पुष्कळ वडील कळवळ्यापोटी असे करतात. पण सकाळी उठल्यावर माणूस नाहीसा झालेला दिसला, की पुढे अनेक रात्री मूल झोपायलाच घाबरते. त्याला जागे करावे, आपण जात आहोत हे स्वतःच्या तोंडाने सांगावे आणि त्याला रडू द्यावे. त्या वेळी त्याला कुशीत घ्यायला आई तिथे असेल, याची व्यवस्था आधी करावी.